मागून घेतलेलें पर्व

आवडती कथा संपूं नये असें वाटणारा रसिक सर्वत्र आढळतो. परंतु ती संपूं नये म्हणून पत्रांचा भडिमार करून पुढचें पर्व मागून घ्यावें, आणि हातीं पडलेलें पर्व पाहून मान खालीं घालावी, असा प्रसंग अमेरिकेंत १९६८ सालीं अनेकांवर आला.

'स्टार ट्रेक' ही टेलिव्हिजनवरील विज्ञानकथामाला. तिचा आरंभ ८ सप्टेंबर १९६६ रोजीं एन. बी. सी. या संस्थेनें केला. कप्तान कर्क आणि भावनांना लगाम घालून तर्कानेंच चालणारा त्याचा अर्धमानव सहकारी स्पॉक 'एंटरप्राइज' या अवकाशनौकेंतून दूरदूरच्या ग्रहांवर जातात, एवढाच तिचा सांगाडा. प्रेक्षकसंख्या बेताची. दुसरें पर्व चालूं असतांच माला बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हां जॉन व बीजो ट्रिंबल या दांपत्यानें चाहत्यांना पत्रें लिहावयास लावलें. लाखाहून अधिक पत्रें गेलीं. कॅल्टेकचे विद्यार्थी तर मशाली घेऊन बरबँक येथील कचेरीवर चालून गेले. १ मार्च १९६८ रोजीं त्या दिवशींचा भाग संपतांच घोषणा झाली कीं, माला पुढें चालूं राहील.

विजय मिळाला खरा. परंतु सोमवारची संध्याकाळ मिळणार असें बोललें गेलें होतें, तें राहिलें बाजूला. शुक्रवारीं रात्रीं दहाची वेळ ठरली. ज्या तरुण मंडळीला मालेची आवड, ती त्या वेळीं घरीं कोठून असणार! मालेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनीं दैनंदिन कामांतून अंग काढून घेतलें, फ्रेड फ्रायबर्गर निर्माते झाले, आणि खर्चालाहि कात्री लागली.

२० सप्टेंबर १९६८ रोजीं पहिला भाग लागला, 'स्पॉक्स ब्रेन'. परग्रहावरील एक स्त्री येते आणि स्पॉकचा मेंदूच काढून नेते! मागें राहिलेलें त्याचें शरीर यंत्राच्या कळा दाबून चालविलें जातें. शेवटीं डॉक्टर मेंदू परत बसवीत असतां गडबडतो, तेव्हां स्पॉकच बोलूं लागून त्याला पुढील शस्त्रक्रिया सांगतो. ज्याच्या बुद्धीवर मालेची मदार, त्याचाच मेंदू पळविला गेला. कथाकारांचाहि त्याबरोबर गेला कीं काय, असें कोणी विचारल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं.

ज्यानें पत्र लिहिलें होतें त्याची मोठी पंचाईत. दुसऱ्याकडचें जेवण बेचव निघालें तर माणूस नाक मुरडून मोकळा होतो. येथें पान त्यानेंच मांडावयास लावलेलें. टीका करावी तर 'मग मागितलें कशाला?' असें विचारणारे टपलेलेच, आणि स्तुति करावी तर जीभ वळत नाहीं. पदरीं पडलें पवित्र झालें, असें म्हणणें सर्वांत सोपें. पण तेंहि खऱ्या चाहत्याला साधत नाहीं. तो निवडीत बसतो. 'दि एम्पाथ' या भागांत देखावा म्हणजे जवळजवळ रिकामा काळोखच. परंतु त्या काळोखांत दुसऱ्याच्या जखमा स्वतःच्या अंगावर घेणारी मुकी मुलगी दिसते, आणि काटकसरीचा विसर पडतो. १० जानेवारी १९६९ च्या भागांत अर्धें अंग काळें व अर्धें पांढरें असे दोन पुरुष येतात. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. वैराला एवढें कारण पुरतें. त्यांचा सबंध ग्रह निर्मनुष्य झाला, तरी दोघांचा पाठलाग थांबत नाहीं. उपदेश फार ठळक आहे हें मान्य. पण डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन वर्षहि लोटलें नव्हतें.

३ जून १९६९ रोजीं शेवटचा भाग लागून माला बंद पडली. मग स्थानिक केंद्रें ते भाग पुन्हां दाखवूं लागलीं. पहिल्या दोन पर्वांचे भाग ५५. आठवड्यास पांच या हिशेबानें ते अकरा आठवड्यांत सरले असते, आणि इतकी तुटपुंजी माला घ्यावयास थोडींच केंद्रें धजलीं असतीं. तिसऱ्या पर्वाच्या २४ भागांनीं संख्या ७९ झाली. या फेऱ्यांतूनच नवे प्रेक्षक मिळाले. जानेवारी १९७२ मध्यें न्यूयॉर्क येथें चाहत्यांचें संमेलन भरलें, तेव्हां कांहीं शेंकडा लोक येतील असा अदमास होता. आले तीन हजारांवर.

फेरी तिसऱ्या पर्वापर्यंत आली कीं 'स्पॉक्स ब्रेन'हि पुन्हां लागे, आणि चाहता तोहि हंसत हंसत पाही.