पंच नसलेला खेळ



७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आपल्याला आठवतो तो नीरज चोप्राच्या भालाफेकीतल्या सुवर्णपदकामुळे. पण त्याच दिवशी सकाळी आणखी एक गंमत झाली होती. ज्यांनी जन्मात कधी गोल्फची काठी हातात धरली नाही, अशी मंडळीसुद्धा चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसली होती. लांबणीवर पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकासाठी झुंजत होती. अखेर ती चौथी आली. तिचा हिशेब होता वजा पंधरा, तिच्या लगेच पुढे असलेल्या दोघींचा वजा सोळा आणि सुवर्णपदक मिळवणाऱ्या नेली कोर्डाचा वजा सतरा. चार दिवस खेळून फरक एकेका फटक्याचा! आणि त्या सकाळी घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता, की ही वजाची भानगड आहे तरी काय?

मी काही मोठा खेळाडू नव्हे. पण हौशी खेळाडूंच्या स्पर्धांमध्ये, खेळ संपवून आलेल्यांची कार्डं तपासायला एक टेबल मांडलेलं असतं. त्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसत आलो आहे. तेव्हा आज तिथूनच हा खेळ दाखवावा म्हणतो.

आधी ती भानगड सोडवू. गोल्फच्या मैदानावर १८ होल असतात. चेंडू ठरावीक जागेवरून मारायला सुरुवात करायची आणि दूरवरच्या हिरवळीतल्या छोट्या खड्ड्यात घालवायचा. हे किती फटक्यांत जमावं याचा एक आकडा प्रत्येक होलसाठी ठरलेला असतो, तीन, चार किंवा पाच. त्याला म्हणतात पार. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. टोकियोजवळच्या त्या मैदानाचा पार होता ७१. चार दिवसांचे झाले २८४. अदितीनं घेतले २६९. म्हणजे पंधरा कमी. झाली वजा पंधरा! इथे कमी कमावणारा पुढे जातो, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

पण हा झाला जगातल्या निवडक खेळाडूंचा हिशेब. रविवारी सकाळी मैदानावर येणारे डॉक्टर, कारखानदार, फौजेतून निवृत्त झालेले अधिकारी, कॉलेजातली मुलं यांना पार गाठणं म्हणजे दुरून डोंगर साजरे. कुणाला ८२ फटके लागतात, कुणाला शंभरावर. मग यांची आपसात स्पर्धा लावायची कशी?

लहानपणी आपण यावर एक तोडगा काढलेला असतो, कच्चा लिंबू. धाकटा भाऊ हट्ट करून खेळात घुसला की त्याला कच्चा लिंबू ठरवायचं. तो बाद झाला तरी बाद नाही. पण त्याचबरोबर तो जिंकला तरी जिंकला नाही, हेही आलंच. गोल्फनं हा तोडगा वेगळ्या रीतीनं काढला. इथे कमकुवत खेळाडूला सवलत मिळते, पण त्याचा खेळ पूर्ण मोजला जातो आणि तो जिंकला तर ढालही त्यालाच मिळते. या सवलतीला म्हणतात हँडिकॅप.

समजा, एकाचा हँडिकॅप ८ आहे आणि दुसऱ्याचा २४. पहिल्यानं ८२ फटके घेतले, दुसऱ्यानं ९७. ज्याचे त्याचे हँडिकॅप वजा केले की पहिल्याचे उरतात ७४ आणि दुसऱ्याचे ७३. दुसरा जिंकला! पाहणाऱ्याला वाटेल, हा कुठला न्याय? पण न्याय असा, की त्या दिवशी कोण किती चांगला खेळाडू आहे हे मोजायचं नव्हतंच. आपल्या नेहमीच्या कुवतीच्या मानानं कोण जास्त चांगला खेळला, हे मोजायचं होतं.

ही सवलत कुठे वापरायची हेही ठरलेलं असतं. कार्डावर प्रत्येक होलपुढे एक ते अठरापर्यंत अनुक्रमांक छापलेला असतो. त्यावरून सवलतीचे फटके कुठे मिळायचे ते ठरतं आणि सर्वसाधारणपणे अवघड होलचा क्रमांक आधी येतो. आठ हँडिकॅपवाल्याला पहिल्या आठ क्रमांकांच्या होलवर एकेक फटका सुटतो. चोवीसवाल्याला अठराही होलवर एकेक आणि पहिल्या सहा क्रमांकांच्या होलवर आणखी एकेक.

आता आणखी एक अडचण. हौशी खेळाडूचा एखाद्या होलवर असा काही विचका होतो, की चेंडू आधी पाण्यात, मग वाळूत, मग झाडीत. तिथे दहा-अकरा फटके लागले की सगळी सकाळ वाया. इंग्लंडमधल्या वॉलसी इथल्या क्लबचे एक सभासद होते, फ्रँक स्टेबलफोर्ड. पेशानं सर्जन. त्यांनी उलटा हिशेब मांडला आणि १९३२ साली त्यावर स्पर्धा भरवली. फटके मोजण्याऐवजी गुण द्यायचे. सवलत वजा करून पार झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक गुण, एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार. त्याहून वाईट खेळलात तर शून्य. बस, चेंडू उचला आणि पुढच्या होलकडे चला. एका होलवरचं अपयश एका होलपुरतंच राहतं. आज हौशी स्पर्धांमध्ये ही पद्धत फार लोकप्रिय आहे. अठरा होलचे ३६ गुण झाले की समजायचं, गडी आपल्या हँडिकॅपबरहुकूम खेळला.

इथवर सगळं गणित झालं. आता खरा प्रश्न. हे फटके मोजतो कोण?

क्रिकेटमध्ये पंच आहेत, कबड्डीत आहेत, कुस्तीतही आहेत. हौशी गोल्फमध्ये चार जणांची एक तुकडी दोन अडीचशे मीटर पसरलेल्या हिरवळीवरून चालत असते. एकाचा चेंडू डाव्या झाडीत, दुसऱ्याचा उजव्या वाळूत. शंभर-सव्वाशे खेळाडूंच्या मागे शंभर पंच कोण धाडणार? तेव्हा नियम असा, की फटके ज्यानं त्यानं मोजायचे. तुकडीतला दुसरा खेळाडू त्याचा मार्कर. तो कार्डावर आकडे लिहितो आणि शेवटी सही करतो. पण अंतिम सही खेळाडूची, आणि प्रत्येक होलवरच्या आकड्याची जबाबदारीही त्याचीच. झाडीत काठीचा स्पर्श होऊन चेंडू बोटभर हलला, तर ते पाहणारा कित्येकदा तो एकटाच असतो. दंडाचा फटका त्यानंच स्वतःला लावायचा.

अमेरिकेचे बॉबी जोन्स हे जन्मभर हौशी म्हणून खेळले. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत एका उंचवट्यावर ते चेंडूशी उभे राहिले आणि गवताला काठी लागून चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणालाही तो हललेला दिसला नव्हता. अधिकाऱ्यांनी निर्णय त्यांच्यावरच सोपवला. जोन्स यांनी स्वतःला एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेच्या शेवटी ते बरोबरीत आले आणि जादा फेऱ्यांमध्ये विली मॅकफार्लेन यांच्याकडून एका फटक्यानं हरले. तो दंड लावला नसता, तर बरोबरी झालीच नसती. लोकांनी कौतुक केलं, तेव्हा त्यांना ते कौतुक रुचलं नाही. चोरी केली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटतात का, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट १९६८ सालच्या मास्टर्स स्पर्धेची. अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे विसेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले. मार्करनं लिहिले चार. घाईगर्दीत दे विसेन्झो यांनी तशीच सही केली. टीव्हीवर हजारोंनी तीन फटके पाहिले होते, पण सही चारवर झाली होती. जास्त आकड्यावर सही झाली तर तोच आकडा कायम, हा नियम. एका फटक्यानं त्यांची बरोबरी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बी यांच्याकडे गेलं. त्या दिवशी दे विसेन्झो यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

आणि सही कमी आकड्यावर झाली तर? तर खेळाडू बाद. याचा एक प्रसंग मी टेबलामागून पाहिला आहे.

साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. निवृत्तीनंतर खेळायला लागलेले. एका रविवारी त्यांचा खेळ असा काही जमून आला, की सवलत वजा करता ते सगळ्यांच्या पुढे होते. कार्ड देऊन ते चहाला गेले. अर्ध्या तासानं स्वतःच परत आले आणि म्हणाले, ‘‘चौदाव्या होलवर माझे सात झाले होते. चेंडू मुळांत अडकला म्हणून मी दंड घेऊन तो बाहेर काढला होता. कार्डावर सहा आहेत.’’ मार्करच्या ध्यानातून तो दंडाचा फटका निसटला होता आणि यांनी आकडे न पडताळता सही केली होती. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘‘काका, सातच लिहू या की! सात धरले तरी तुम्ही दोन फटक्यांनी जिंकताय. हौसेची तर स्पर्धा आहे.’’ ते म्हणाले, ‘‘नियम काय सांगतो?’’ नियम आम्हाला ठाऊक होता. कार्ड देऊन झालेलं होतं. त्यांचं नाव यादीतून काढावं लागलं. ढाल मिळण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असती.

हा नियम कठोर नाही का? असं पुष्कळांनी मला विचारलं आहे. कठोर आहे, यात शंका नाही. पण असं पाहा. त्या दिवशी टेबलावर शंभराहून अधिक कार्डं होती. त्यांतल्या एकाही फटक्याला आम्ही साक्षी नव्हतो. आमच्याजवळ होत्या फक्त सह्या. सहीनंतरचा आकडा एका भल्या माणसासाठी बदलला, तर उद्या दुसऱ्यासाठी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? आणि जो दुसरा आला, त्यानंही आपले अठरा आकडे नीट पडताळूनच सही केली होती. त्याचाही काही हक्क आहे की नाही?

मुळात नियम लिहिण्याची गरजच स्पर्धेमुळे पडली. १७४४ साली एडिंबरा शहरानं एक चांदीची काठी बक्षीस म्हणून दिली आणि स्पर्धा बाहेरगावच्या खेळाडूंनाही खुली ठेवली. रोजचे सवंगडी आपसात काहीही ठरवून खेळू शकतात. परका माणूस आला की लिहून ठेवावं लागतं. लीथच्या मैदानावर खेळणाऱ्यांनी त्यासाठी तेरा कलमं लिहिली. आज ज्ञात असलेले गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. पुढे इंग्रजांबरोबर खेळ आपल्याकडे आला. कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा. २०१९ साली नियमांची मोठी साफसफाई झाली आणि चौतिसांचे चोवीस नियम झाले. हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटं होती, ती तीन झाली. हिरवळीवर चुकून चेंडू हलला तर आता दंड नाही. नियम सोपे झाले, पण फटके ज्याचे त्यानं मोजायचे, यात कानामात्रेचाही फरक पडला नाही.

लबाडी होत नाही का? होते. आणि तिचा सगळ्यात सोयीचा मार्ग फटके लपवण्याचा नसतो, हँडिकॅप फुगवण्याचा असतो. एरवी मुद्दाम वाईट खेळायचं, सवलत वाढवून घ्यायची आणि मोठ्या स्पर्धेच्या दिवशी खरा खेळ काढायचा. २०२० पासून देशोदेशी एकच हँडिकॅप पद्धत लागू होत गेली. तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच धरतात, त्यामुळे मधूनच मुद्दाम वाईट खेळून फारसं साधत नाही. एका होलवर किती फटके हिशेबात धरायचे याला मर्यादा आहे. एखादी फेरी हँडिकॅपच्या मानानं फारच चांगली गेली, तर सवलत आणखी छाटली जाते. हँडिकॅपवरच्या स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीसही घेता येत नाही. पण खरं सांगू का? सगळ्यात मोठा उपाय म्हणजे कॅडी. खांद्यावर पिशवी घेऊन चालणाऱ्या त्या पोराला नियम तोंडपाठ असतात आणि कुणाचा चेंडू झाडीत गेल्यावर आपोआप बऱ्या जागी येतो, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. तो बोलत नाही, एवढंच. संध्याकाळी कॅडींच्या घोळक्यात मात्र प्रत्येक सभासदाची खरी किंमत ठरलेली असते.

हा श्रीमंतांचा खेळ, असं म्हणतात. मैदानं मोजकी, सभासदत्व महाग, तेव्हा ते खोटं नाही. पण या खेळातली ही एक गोष्ट घ्यायला पैसे पडत नाहीत. आयकराचं विवरण आपण स्वतः भरतो आणि खाली सही करतो. मुलाच्या वयाचा, उत्पन्नाचा दाखला काढताना स्वयंघोषणापत्र लिहून देतो. तिथेही झाडीत आपण एकटेच असतो. पाहायला कुणी नसतं.

पुढच्या वेळी टीव्हीवर गोल्फ लागला, तर शेवटचा चेंडू खड्ड्यात पडल्यावर लगेच वाहिनी बदलू नका. हस्तांदोलन करून खेळाडू एका खोलीत जातात आणि मान खाली घालून एकेक आकडा पुन्हा वाचतात. स्पर्धा तिथे संपते. आमच्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो, ‘‘बसा, पाणी प्या, एक ते अठरा पुन्हा एकदा वाचा. आणि मग सही करा.’’