कांद्याचा रानातला भाऊबंद

आपल्या रोजच्या कांद्याचा सर्वात जवळचा भाऊबंद आजही रानात उगवतो. तुर्कमेनिस्तान आणि ईशान्य इराणच्या सीमेवर कोपेत दाग ही पर्वतरांग आहे. तिथल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर, दगडगोट्यांच्या सांदीत तो वाढतो. त्याचं शास्त्रीय नाव ॲलियम वाविलोवी. पिकांच्या उगमस्थानांचा शोध घेणारे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्यावरून ते पडलं. या रानकांद्याचा शेतातल्या कांद्याशी संकर होऊ शकतो. म्हणून काटक वाणांच्या संशोधनासाठी तो मोलाचा आहे. लासलगावच्या कांद्याच्या बाजारपेठेवर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्यांनाही उद्या त्याचा उपयोग होऊ शकेल. म्हणून या रानकांद्याचं बियाणं साठवायलाच हवं. पण तो जिथे उगवतो ते उतारही जपायला हवेत.