राखेच्या बुधवाराआधी एक नाव

विरार लोकलमध्ये उभे असाल तर उभ्यानेच ऐका, दहा मिनिटांच्या आत सोडतो.

येत्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, राखेचा बुधवार. ईस्टर ५ एप्रिलला. बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलंत तर दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस.

या आठवड्यात प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "यंदा काय सोडतोयस?" कुणी चॉकलेट, कुणी इन्स्टा, कुणी चिकन. खरं तर चर्चचा नियम फार थोडं मागतो. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य. १८ ते ५९ वर्षांच्या माणसांनी त्या दोन दिवशी उपवासही करायचा, म्हणजे पोटभर जेवण एकदाच. मासळी मांसात धरत नाहीत, हे आपल्या वसईकरांच्या चांगलंच पथ्यावर पडलंय. चिकन सोडून भरलेलं पापलेट खाल्लं तर नियम मोडत नाही. उपवास घडला का, ते पापलेटलाच विचारा.

सोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रिकाम्या झालेल्या जागेत काय येणार हे आधी ठरलेलं नसेल, तर इन्स्टाच्या जागी यूट्यूब येतं. म्हणून हा आधीचा आठवडा मला महत्त्वाचा वाटतो.

राखेच्या बुधवारी मिस्सात मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. दानधर्म, प्रार्थना, उपवास, तिन्हींबद्दल येशू एकच गोष्ट सांगतो: लोकांना दिसावं म्हणून करू नका, खोलीचं दार लावून घ्या. आणि त्याच मिस्सात गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख आपल्या कपाळावर लागते, सगळ्यांना दिसेल अशी! मला ही विसंगती आवडते. राख सगळ्यांना दिसते, दाराआडचं फक्त देवाला. (राखेसोबत सेल्फी काढायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

दार लावल्यावर आत करायचं काय? संत इग्नेशियस लोयोलांची एक जुनी पद्धत आहे. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली, त्यात ती दिलेली आहे. झोपण्याआधी दिवसाची उजळणी करायची. आधी आभार माना. मग स्वतःकडे खरं बघायला देवाकडे मदत मागा. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवा. चुकलं तिथे क्षमा मागा, आणि उद्यासाठी काहीतरी ठरवा. एवढंच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, नाहीतर तिसऱ्या पायरीवर नोटिफिकेशन येतंच.

मी रविवारपासून हे करतोय, आणि तासातासाने दिवस आठवताना रोज एकच माणूस मध्ये येतो. माझा चुलतभाऊ. घराच्या वाटणीपासून, गेली दोन वर्षं, आम्ही बोलत नाही. आमच्या ओटीवरून त्याचं स्वयंपाकघर दिसतं. सकाळी तो बाइक काढतो तेव्हा मी आतच थांबतो, आणि तो गेल्यावर बाहेर पडतो. त्याचं चॅट अर्काइव्हमध्ये आहे. कोण बरोबर, कोण चूक हे मी इथे सांगणार नाही. आमच्या आळीत दोन्ही बाजूंचे वकील पुष्कळ आहेत.

त्याच मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. नीट बघा, भावाच्या मनात काही असलं तरी निघायचं तुम्ही. चूक कोणाची हे तो विचारतच नाही. मला ते जड जातं. चाळीस दिवस चिकन न खाणं याहून कितीतरी सोपं आहे.

इथे एक स्पष्ट सांगतो. कुणी तुम्हाला मारलं असेल, त्रास दिला असेल, तर त्याला मेसेज करा असं मी म्हणत नाही. त्याचं नाव देवापुढे ठेवा आणि स्वतः सुरक्षित अंतरावर राहा. विश्वासातल्या फादरांशी किंवा मोठ्या माणसाशी बोला. मी बोलतोय ते आपल्या नेहमीच्या अबोल्यांबद्दल. बांधावरून, लग्नाच्या आमंत्रणावरून, मयताला कोण आलं नाही यावरून धरलेल्या.

तर बुधवारपर्यंत तीन-चार रात्री उजळणी करून बघा. कुणाचं तरी नाव येईल. आलं की लगेच फोन उचलू नका, त्या माणसासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणा आणि झोपा. दुसऱ्या रात्री पुन्हा. जमलं तर बुधवारच्या आधी कन्फेशनला जाऊन या. शनिवारी संध्याकाळी बहुतेक चर्चमध्ये फादर बसतात, आपापल्या पॅरिशची वेळ विचारून घ्या.

माझ्या फोनमध्ये त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवली आहे: "दादा, बुधवारी सकाळच्या मिस्साला जाणार आहेस का? जोडीने जाऊ." अजून पाठवलेली नाही. आज रात्रीच्या उजळणीनंतर पाठवणार आहे.