अर्धे छप्पर



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीनंतरच्या पिढीचे एक छायाचित्र मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या महिला छायाचित्रकाराने ते १९०२ च्या सुमारास अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे घेतले. अर्धवट छपराच्या लाकडी सांगाड्यावर काही कृष्णवर्णीय तरुण काम करीत आहेत. ते मजूर नव्हेत; त्याच शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी होत.

१८८१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मले होते. विटांच्या तीन भट्ट्या वाया गेल्या, तेव्हा त्यांनी आपले घड्याळ १५ डॉलरना गहाण टाकून चौथी भट्टी लावली आणि ती साधली. पुढे ग्रंथालयासाठी त्यांनी अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे २०,००० डॉलर मागितले, तेही विटा पाडण्यापासून सुतारकामापर्यंत सर्व कामे विद्यार्थीच करतील, असे सांगून.

धर्मादाय वास्तू पूर्ण झाली की दर्शनी भिंतीवर दात्याचे नाव कोरले जाते. अपुऱ्या वास्तूच्या चित्रात मात्र ती शिला नसते. दिसतात ते केवळ हात. येथे दान घेणाराच घडविणारा झाला आहे. या चित्राचे खरे मोल मला यातच वाटते.

परंतु चित्राच्या चौकटीबाहेरचेही पाहिले पाहिजे. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारतः हिरावून घेतला होता. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी वॉशिंग्टन यांच्या धोरणावर परखड टीका केली. मताधिकार, नागरी समता व उच्च शिक्षण यांचा आग्रह सोडून केवळ हस्तकौशल्याने समाज उभा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंतचा दीर्घ लढा पाहता ते म्हणणे खोटे ठरले नाही.

म्हणून ते अर्धे छप्पर मला दुहेरी प्रतीक वाटते. श्रमाने मिळविलेला स्वाभिमान त्यात आहे, आणि न मिळालेल्या हक्कांची उघडी जागाही आहे. लोककल्याणाची कोणतीही वास्तू आपण उभारू, तेव्हा तिच्या विटा मोजाव्यातच. पण ती बांधणाऱ्याच्या माथ्यावर हक्कांचे छप्पर आहे की नाही, हेही वर मान करून पाहावे.