ताटाची डावी बाजू

(कुटुंब प्रबोधनाच्या एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘क जीवनसत्त्व : फळांतून आणि वनस्पतींच्या चहातून’. राष्ट्रचिंतनाच्या व्यासपीठावर पेरू-आवळ्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. मी वैद्य नाही; कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार आहे. म्हणून पत्रकाराच्या सवयीने आरंभी एक आकडा सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. मातृशक्तीचा जयजयकार आपण सर्वच जण करतो, पण त्या शक्तीच्या अंगात रक्त किती आहे, हे विचारण्याची तसदी घरातील किती पुरुष घेतात?

या रक्तक्षयाशी क जीवनसत्त्वाचा संबंध अगदी निकटचा आहे. डाळी, बाजरी, नाचणी, पालेभाज्या यांत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले, तर तेच लोह शोषले जाण्याजोग्या रूपात येते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेल्या चहातील द्रव्ये ते लोह अडवून धरतात. म्हणजे ताटात लोह आहे, पण रक्तात पोहोचत नाही, अशी अवस्था. सकाळी पोहे आणि सोबत कपभर चहा, ही आपल्या घराघरांतील जोडी म्हणूनच मला खटकते. पोह्यांवर लिंबू पिळणारी आजी शहाणी होती. चहाची कपबशी शेजारी आणून ठेवली ती पुढच्या पिढ्यांनी.

क जीवनसत्त्व बहुतेक प्राणी स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळी करते, कुत्रा करतो, उंदीर करतो. मनुष्य, काही माकडे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांच्यापाशी मात्र ही क्षमता नाही. शरीरात त्याचा साठाही फार होत नाही. दोन-तीन महिने ते अजिबात मिळाले नाही, तर हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात आणि शेवटी माणूस दगावतो. हाच ‘स्कर्व्ही’ रोग. वास्को द गामाचा ताफा १४९८ च्या ऑक्टोबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाला. अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्या अवधीत सुमारे तीस खलाशी या रोगाने मेले. जहाजे हाकायला माणसे पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. ज्यांच्या आगमनाला पाश्चात्त्य इतिहासकार ‘भारताचा शोध’ म्हणतात, त्यांना भारताच्या किनाऱ्यावरून निघताना चार करंड्या फळे सोबत घ्यावीत हे सुचले नव्हते.

त्यानंतर १५३५-३६ च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आजच्या कॅनडातील क्वेबेक येथे बर्फात अडकला. त्याची सुमारे पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली. तेथील मूळ रहिवाशांनी त्याला एका सदाहरित वृक्षाची पाने आणि साल उकळून प्यायला सांगितली आणि उरलेले लोक काही दिवसांत उठून बसले. वनस्पतींचा चहा तो हाच! पण ‘रानटी’ लोकांचे ज्ञान युरोपने मनावर घेतले नाही. पुढे दोनशे वर्षे खलाशी मरतच राहिले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नाविक वैद्याने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा संत्री आणि लिंबू खाणारी जोडी बरी झाली. हे त्याने १७५३ मध्ये ग्रंथात लिहिले आणि इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला आरंभ केला १७९५ मध्ये! वनवासी बांधवांपाशी असलेले ज्ञान ‘अडाण्यांचे’ म्हणून बाजूला सारताना आपणही ही दोनशे वर्षे आठवावीत.

पण बंधूंनो, याच न्यायाने आपल्या घरातील समजुतीही तपासल्या पाहिजेत. आपले ते सगळे उत्तम, असे म्हणून टाळ्या मिळतात. त्याने कोणाचे रक्त वाढत नाही.

पहिली समजूत म्हणजे आंबट ते सगळे ‘क’. चिंचेत ते नाममात्र असते. कोकम सरबत उन्हाळ्यात अमृत खरे, पण त्याचा आंबटपणा निराळ्या आम्लाचा. उलट गोड पेरूत ते भरभरून असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक, आवळ्यात अडीचशेच्या आसपास आणि संत्र्यात चाळीसच्या घरात क जीवनसत्त्व आहे. जुन्या तक्त्यांत आवळ्याचा आकडा सहाशे दिलेला असे आणि अनेक लेखांत अजून तोच फिरतो. अडीचशे हाही काही थोडा नव्हे. प्रौढ पुरुषाची दैनंदिन गरज २०२० च्या शिफारशीप्रमाणे ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५. म्हणजे एका मध्यम आवळ्यात दिवसाची गरज जवळपास भागते. लिंबाचे मात्र आपण फार कौतुक करतो. एका कागदी लिंबातून निघणारा चमचा-दोन चमचे रस जेमतेम दहा मिलिग्रॅमपर्यंत नेतो. म्हणून लिंबाची फोड हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही.

दुसरी समजूत काढ्याची. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा सुचवला आणि घरोघरी पातेली चढली. घसा शेकला गेला, बरे वाटले. त्याबद्दल वाद नाही. परंतु त्यातून क जीवनसत्त्व मिळते असे जे सांगितले गेले, ते खरे नव्हे. चार तुळशीपानांत ते असणार किती आणि दहा मिनिटे उकळल्यावर उरणार किती? गवती चहाचा लिंबासारखा सुगंध हा ‘सिट्रल’ नावाच्या तैलद्रव्याचा. त्या सुगंधात जीवनसत्त्व नाही. कार्तिएच्या खलाशांना चहा लागू पडला, कारण सूचिपर्णी वृक्षांच्या पानांत हे द्रव्य इतके असते की उकळूनही पुरेसे उरते. दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये पाइनच्या पानांचा अर्क लोकांना दिला गेला. संत्र्यांची आयात थांबलेल्या इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांनी रानगुलाबाची फळे गोळा केली आणि त्यांचे सरबत बालकांना पाजण्यात आले. आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. गवती चहा, आले, तुळस यांचे दुधाविना पाणी करावे, ते विस्तवावरून उतरवून कोमट होऊ द्यावे आणि मग त्यात आवळ्याचा ताजा रस दोन चमचे घालावा. सुगंध पातीचा, जीवनसत्त्व आवळ्याचे.

उष्णता, हवा आणि तांबे हे या जीवनसत्त्वाचे तीन वैरी. इंग्रजांनाही त्याची किंमत मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी लिंबाच्या जागी वेस्ट इंडिजमधील ‘लाइम’चा साठवलेला, तांब्याच्या नळ्यांतून आलेला रस वापरायला सुरुवात केली आणि १८७५ च्या ध्रुवमोहिमेत तो रस सोबत असूनही स्कर्व्ही उलटला. हल्ली तांब्याच्या बाटल्यांची आवड वाढली आहे. पाणी अवश्य प्या, पण त्यात लिंबू पिळून ठेवू नका. आंबट पदार्थासाठी पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच, हा दंडक आपल्या घरातील बायकांनी उगीच पाळला नव्हता. कल्हईवाला गल्लीतून गेला आणि त्याच्याबरोबर हा दंडकही गेला.

च्यवनप्राशाविषयी विचारले जाईल म्हणून आधीच सांगतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनांच्या प्रकरणात, त्याचे स्थान मानाचे आहे. पण तेथे तो ‘क जीवनसत्त्वाची बाटली’ म्हणून आलेला नाही. ते जीवनसत्त्व वेगळे काढले गेले विसाव्या शतकात. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन वैज्ञानिकाला त्याबद्दल १९३७ चे नोबेल मिळाले आणि त्याने हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर मिळवले होते ते मिरचीच्याच कुळातील पाप्रिकापासून. शिजवलेल्या आवळ्याचे गुण आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगावेत. त्यावर आधुनिक लेबल चिकटवून ऋषींचा मान वाढत नाही.

गोळ्यांचेही असेच. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असे प्रतिपादन केले आणि जगभर गोळ्यांची बाजारपेठ फुलली. नंतरच्या चाचण्यांनी सांगितले, की सर्वसामान्य माणसाची सर्दी त्याने टळत नाही. नियमित घेतल्यास तिचा काळ थोडा कमी होतो, इतकेच. अतिरेकाने पोट बिघडते आणि मूतखड्याचाही धोका संभवतो.

मग करायचे काय? आपल्या वर्षचक्राकडे पाहा. कार्तिकात आवळीभोजन, तुळशीच्या लग्नात आवळा आणि चिंच, संक्रांतीला बोरे, लहानग्यांचे बोरन्हाण आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ. या आंबेडाळीचे मला विशेष वाटते. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि तीत किसलेली कच्ची कैरी. लोह आणि ‘क’ एकाच वाटीत, तेही न शिजवता, आणि तीही स्त्रियांनी स्त्रियांना द्यायची! हे सारे कोणी रसायनशास्त्र जाणून बसवले असा दावा मी करणार नाही. अनुभवाने बसले आणि टिकले. आज हळदीकुंकवाला प्लास्टिकची डबी मिळते आणि कपभर चहा.

दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाताना आपण परदेशी किवी नेतो. किवीत हे जीवनसत्त्व पेरूच्या निम्मेही नाही, पण पेरू हातगाडीवर मिळतो हा त्याचा अपराध! कोकणात आणि गोव्यात काजूची बी विकली जाते आणि संत्र्याहून कितीतरी अधिक ‘क’ असलेले बोंडू झाडाखाली कुजतात. शाखेच्या मैदानाच्या कडेला, शाळेच्या आवारात, वसतिगृहाच्या परसात शोभेची झाडे लावण्याऐवजी आवळा, पेरू आणि शेवगा लावायला कोणाची परवानगी लागते?

आणि ताट. डाव्यांशी आपले फारसे जमत नाही, हे सर्वश्रुत आहे. पण ताटाच्या डाव्या बाजूशी वैर नको. लिंबू, चटणी, कोशिंबीर ही बाजू आता लग्नाच्या पंगतीपुरती उरली. कोबी, गाजर, कैरी, आवळा यांपैकी एक जिन्नस कच्चा, आयत्या वेळी किसलेला, घरातील प्रत्येकीच्या ताटात येईल एवढे तरी पाहावे. ‘प्रत्येकीच्या’ म्हणतो, कारण शेवटी जेवायला बसणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला कोशिंबिरीचे रिकामे पातेलेच येते.

माझा वेळ संपला. थोड्या वेळाने भोजन आहे. पंगतीत भाजी-भाकरीबरोबर कच्च्या आवळ्याची आणि कोथिंबिरीची चटणी आहे. आज प्रथम पंगत भगिनींची बसेल आणि वाढायला बंधू असतील. चहा जेवणानंतर लगेच मिळणार नाही. तो तासाभराने ठेवावा, अशी विनंती मी व्यवस्थाप्रमुखांना केली आहे आणि त्यांनी ती थोड्या नाराजीने का होईना, मान्य केली आहे.