वर्गणीदार

इंटरनेटवरचा मजकूर आपण फुकट वाचतो असं म्हणतो खरं, पण त्याचे पैसे कुणीतरी मोजतच असतं. आणि जो मोजतो, त्याच्या कलानं मजकूर घडत जातो. ऑक्टोबर १९९४मध्ये अमेरिकेतल्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळानं पानांवर जाहिरातींच्या पट्ट्या लावल्या, तेव्हापासून हा मोजणारा बहुतेक ठिकाणी जाहिरातदारच राहिला. जाहिरातीचा दर ठरतो तो ती हजार वेळा दिसण्यावर. मग मथळ्यात अर्धीच गोष्ट सांगायची, एका लेखाची दहा पानं करायची, या युक्त्या हिशेबातूनच आल्या. त्यासाठी संपादक उथळच असायला हवा असं नाही. शिवाय या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगल आणि फेसबुकनं नेला. ‘बझफीड न्यूज’ या बातम्यांच्या संकेतस्थळाला २०२१मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि २०२३मध्ये ते बंद पडलं. चांगलं काम होतं, वाचकही होते; नव्हता तो वर्गणीदार.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०११मध्ये महिन्याला वीस लेख मोफत ठेवून पुढच्या वाचनाला पैसे लावले. आज त्याचे डिजिटल वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. ते सगळे बातम्यांसाठीच येतात असं नाही. शब्दकोडी आणि पाककृतींचाही त्यात वाटा आहे. पण वर्गणी आली की संपादकापुढचा प्रश्न बदलतो. आज किती जण डोकावले यापेक्षा पुढच्या महिन्यात किती जण टिकतील, हे महत्त्वाचं ठरतं.

यावर आक्षेप असा, की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दार बंद. आक्षेप रास्त आहे, पण वर्गणी या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक मासिकाची, दुसरी गणेशोत्सवाची. दुसरीत देणारा देतो, पण दर्शन सगळ्यांना होतं. लंडनच्या ‘गार्डियन’नं हीच रीत धरली: बातम्या खुल्या ठेवून वाचकांकडे ऐच्छिक मदत मागितली. त्याच्या पाठीशी स्कॉट ट्रस्ट या मालक-न्यासाचा निधी आहे, हे मात्र विसरू नये. प्रत्येकाला असा आधार मिळत नाही. दुसरा आक्षेप, की वर्गणीदारही मालकच. त्याला रुचेल तेच छापलं जाईल. हा धोका खराच. तरी हजार वर्गणीदारांपैकी दहा रुसले तर प्रकाशन तगतं. एक बडा जाहिरातदार रुसला, तर तगेलच असं नाही. न रुचणारं छापण्याची हिंमत संपादकाची असते; वर्गणीमुळे ती त्याला परवडू लागते.