रमजानच्या आधी इन्सुलिनचं वेळापत्रक ठरवा

दोस्तांनो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोणी किती डोस घ्यावा हे मी सांगणार नाही. बोरी अरबच्या आमच्या घरात काय घडलं, ते सांगतो.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला. विदर्भातला उन्हाळा आणि १४ तासांहून मोठा रोजा. अम्मी ३०/७० मिक्स इन्सुलिन घ्यायची, सकाळी जास्त, रात्री कमी. तिने कोणालाही न विचारता सकाळचा डोस सहरीला घेतला. दुपारी ती घामाने भिजली, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. शुगर ५२! तरी रोजा तुटेल म्हणून पाणी घेईना. शेवटी अब्बांनी समजावून साखरेचं पाणी पाजलं.

चूक कुठे झाली? या मिक्समध्ये ३० टक्के इन्सुलिन लवकर काम करणारं असतं, तर ७० टक्के सावकाश. सावकाश भागाचा जोर टोचल्यानंतर चारेक तासांनी वाढतो. एरवी तेव्हा दुपारचं जेवण होतं. रोज्यात पोट रिकामं असतं, पण इन्सुलिन आपलं काम करतंच.

पुढच्या वर्षी आम्ही फेब्रुवारीतच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सकाळचा मोठा डोस इफ्तारला दिला आणि रात्रीचा निम्मा करून सहरीला. शेजारच्या चाचांना दिवसातून एकदा घ्यायचं ग्लार्जिन आहे. ते सुमारे २४ तास संथपणे चालतं. ते महाग पडतं, आणि त्याचाही डोस रमजानात बहुधा कमी करावा लागतो. म्हणून एकाचं वेळापत्रक दुसऱ्याने उचलू नये. कुपी सोडून पेन घेतलं, तरी युनिट नीट विचारून घ्या. आपल्याकडे कुपी बहुधा ४० च्या मापाची असते आणि पेन १०० च्या. सिरिंजही कुपीच्याच मापाची हवी.

बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात. टाइप १ मधुमेह, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर धोका आणखी मोठा. आजारी माणसाला सवलत खुद्द सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आहे. ती घेताना अम्मीला अपराधी वाटत होतं. तिच्याशी आधीच बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही.

तुम्ही आज घरी गेल्यावर विचारा, "अम्मी, कोणतं इन्सुलिन घेतेस? किती वाजता?" आणि रमजानच्या महिनाभर आधी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.